अनुप्रास : लिपीतला आणि कानातला

मराठी विषय घेऊन पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला अनुप्रास माहीत नसतो असे म्हणता येणार नाही. शालेय व्याकरणात त्याने व्याख्या पाठ केलेली असते, बोरकरांच्या पावसाच्या कवितेतील एक ओळ उदाहरण म्हणून लिहिलेली असते आणि तिच्यासाठी गुणही मिळवलेले असतात. या ओळीत शब्दांची सबंध पुनरुक्ती आहे आणि वर्णांची पुनरावृत्तीही आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. पुढे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हाच अलंकार चार पर्यायांपैकी एक होऊन त्याच्या समोर येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या सर्व पत्रिका २०१२ पासून वस्तुनिष्ठ झाल्या. तेव्हापासून तर भावी अध्यापकालाही अनुप्रासाविषयी चार ओळी लिहिण्याचा प्रसंग त्या परीक्षेत येत नाही. ओळखण्याची क्रिया अशा रीतीने खुणेपुरती उरते. अनुप्रासाचे नाव विद्यार्थ्याला येते. अनुप्रास त्याने ऐकलेला असतोच असे नाही.

साहित्यशास्त्राच्या तासाला अनुप्रास शिकवणाऱ्या अध्यापकासमोरचा पहिला प्रश्न हा आहे. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटतो. रस, ध्वनी, वक्रोक्ती अशा भारदस्त प्रकरणांच्या शेजारी शब्दालंकार म्हणजे अभ्यासक्रमातील भरताड, अशी समजूत वर्गात असते आणि काही वेळा वर्गाबाहेरही. परंतु भाषेच्या नादरूपाशी विद्यार्थ्याचा काही संबंध आहे की नाही, याची कसोटी या लहानशा प्रकरणात लागते.

शालेय व्याख्येत बहुधा ‘अक्षर’ हा शब्द असतो : एकच अक्षर पुन्हा पुन्हा आले की अनुप्रास. संस्कृत शास्त्रकारांचा शब्द ‘वर्ण’ असा आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त वर्णांचे साम्य म्हणजे अनुप्रास असे म्हटले आणि स्वर वेगळे असले तरी व्यंजनांचे सादृश्य पुरेसे आहे, हेही स्पष्ट केले. अक्षर आणि वर्ण यांतील हा भेद किरकोळ नाही. अक्षर शोधणारा विद्यार्थी ‘क’ शोधतो आणि त्याला ‘कि’, ‘कु’, ‘को’ दिसत नाहीत. जोडाक्षरात दडलेला ‘क्’ तर मुळीच दिसत नाही. छेकानुप्रासात अनेक व्यंजने मिळून एकदा परततात, वृत्त्यनुप्रासात एक किंवा अनेक वर्ण वारंवार येतात. ही विभागणी पाठ करणारे पुष्कळ असतात. परंतु तिच्यामागे ‘किती वर्ण आणि किती वेळा’ हा ऐकण्याचा प्रश्न आहे, हे लक्षात घेणारे थोडे.

दुसरा घोटाळा इंग्रजीमुळे होतो. अनुप्रासाला इंग्रजी प्रतिशब्द म्हणून ‘ॲलिटरेशन’ सांगितला जातो आणि दोन्ही संकल्पना एकच मानल्या जातात. इंग्रजीत शब्दावर बलाघात असतो. ‘बेओवुल्फ’सारख्या प्राचीन इंग्रजी काव्यात ओळीचे दोन्ही अर्ध आघातयुक्त अवयवांच्या आद्य ध्वनीने बांधले जात. तेथे आद्यवर्णाचे साम्य हा पद्यरचनेचा नियम होता. शोभेचा प्रश्नच नव्हता. मराठीत आघाताला असे स्थान नाही. त्यामुळे मराठी अनुप्रास शब्दाच्या आरंभी जितका ऐकू येतो तितकाच मध्ये आणि शेवटीही ऐकू येतो. इंग्रजी प्रतिशब्दाची सवय लागलेला विद्यार्थी शब्दांची पहिली अक्षरे तेवढी अधोरेखित करतो आणि ओळीचा खरा नाद ज्या मधल्या वर्णांत असतो तो त्याच्या पेन्सिलीखालून निसटतो.

हा निसटलेला नाद पकडण्यासाठी अध्यापकाने योजलेला उपाय अगदी साधा असतो. फळ्यावर काही न लिहिता दोन पदबंध वर्गाला ऐकवायचे : ‘चंद्राचे चांदणे’ आणि ‘चांदीचा चमचा’. कोणत्या पदबंधात अनुप्रास अधिक आहे? कागदावर लिहून पाहणारे म्हणतात, दोन्हींत ‘च’ आहे. पहिल्यात तीनदा, दुसऱ्यात चारदा. मोठ्याने उच्चारून पाहणाऱ्यांपैकी कोणी तरी थबकतो. ‘चंद्र’मधील च तालव्य आहे, षष्ठीच्या ‘चे’मधील च तालव्य आहे आणि ‘चांदणे’मधील च दंततालव्य आहे. ‘चांदीचा चमचा’मध्ये मात्र चारही च दंततालव्य आहेत. पहिल्या पदबंधात डोळ्यांना तीनदा दिसणारा वर्ण कानांना दोन वेगळ्या वर्णांच्या रूपाने भेटतो. दुसऱ्यात डोळे आणि कान यांची साक्ष जुळते.

मराठीत च, ज, झ या अक्षरांचे दोन उच्चार आहेत आणि देवनागरी लिपी ते वेगळे दाखवत नाही, ही गोष्ट व्याकरणाच्या प्रत्येक पुस्तकात असते. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगणे या क्रियेची आज्ञा. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडेसे. हे शब्द लिहिताना एकच, उच्चारताना दोन. परंतु वर्णविचाराच्या प्रकरणात शिकलेली ही गोष्ट अलंकारांच्या प्रकरणात कोणी आणत नाही. आणली तर ध्यानात येते की, संस्कृतात तालव्य च एकच असल्यामुळे शास्त्रकारांना जो प्रश्न पडला नाही तो मराठीच्या अभ्यासकाने स्वतःच सोडवायला हवा. ‘जगाला जाग आली’ या वाक्यात छापील अनुप्रास आहे. तो ऐकू मात्र अर्धाच येतो. ‘चोराच्या मनात चांदणे’ या म्हणीत आरंभीचा आणि अखेरच्या शब्दातील च एकजात आहेत, म्हणून ती म्हण दोन्ही टोकांना घट्ट बसते. म्हण घडवणाऱ्यांसमोर लिपी नव्हती. बोलणाऱ्याचे तोंड होते.

वर्गाचे कान असे उघडले की लगेच एक नवीन उपद्रव सुरू होतो. ज्याला अनुप्रास ऐकू येत नव्हता त्याला तो सर्वत्र ऐकू येऊ लागतो. वर्तमानपत्रातील बाजारभावाच्या बातमीत त, न, ल पुन्हा पुन्हा येतात. हाही अनुप्रास का? ‘मुली आल्या, बसल्या, बोलल्या’ यात ‘ल्या’ तीनदा आला. परंतु हा आवर्त बोलणाऱ्याने निवडलेला नाही. कर्त्याच्या लिंगवचनाने तो त्याच्यावर लादला आहे. विभक्तिप्रत्यय आणि आख्यातप्रत्यय यांच्यामुळे मराठी वाक्यात काही वर्णांची वर्दळ नेहमीच असते. म्हणून कोणत्याही लेखनात अनुप्रास आहे असे म्हणण्यापूर्वी भाषेच्या सामान्य व्यवहारात त्या वर्णाची जी ये-जा असते ती वजा करावी लागते. बाजारभावाची बातमी आणि कवितेचे कडवे शेजारी ठेवून वर्ण मोजण्याचा कंटाळवाणा अभ्यास यासाठीच उपयोगी ठरतो. मोजणीने सौंदर्य सिद्ध होत नाही. नसलेले सौंदर्य दिसण्याचा भ्रम मात्र तिने आवरतो.

याच अभ्यासात विद्यार्थ्यांना स्वतःच्या बोलण्यातील ठेवा सापडतो. काळाकुट्ट, गोरागोमटा, भोळाभाबडा, धडधाकट, दीनदुबळा, कडेकपारी, खाचखळगे, केरकचरा, मानमरातब ही यादी वर्गच करतो आणि ती फळ्यावर मावत नाही. हे शब्द कोणा कवीने घडवलेले नाहीत. याच्या उलट ‘पुस्तकबिस्तक’, ‘जेवणबिवण’ अशा प्रतिध्वनी शब्दांत आद्य अवयव बदलतो आणि पुढचा भाग तसाच राहतो. म्हणजे मराठी बोलणाऱ्याला आरंभ सारखा ठेवण्याची हौस आहे, तशीच आरंभ बदलून शेवट सारखा ठेवण्याचीही. अनुप्रास आणि अंत्ययमक यांची मुळे अशा रीतीने एकाच अंगणात सापडतात. अलंकार म्हणजे भाषेवर वरून चढवलेला दागिना, ही शब्दाच्या व्युत्पत्तीने सुचवलेली कल्पना येथे अपुरी ठरते.

शास्त्राची तपासणी करण्याचे धैर्य विद्यार्थ्याला येथूनच येते. मम्मटाने वृत्त्यनुप्रासाच्या उपनागरिका, परुषा आणि कोमला या वृत्ती सांगितल्या. माधुर्य व्यक्त करणाऱ्या वर्णांची उपनागरिका, ओज व्यक्त करणाऱ्यांची परुषा. माधुर्यासाठी ट-वर्ग वर्ज्य आणि ओजासाठी तो अनुकूल, असा त्याचा दंडक आहे. संस्कृतपुरता तो पटण्याजोगा असेलही. परंतु मराठीत ‘गोड’, ‘लाड’, ‘ओढ’, ‘आवड’, ‘वेड’, ‘गोडवा’ हे शब्द याच ट-वर्गाच्या आधाराने उभे आहेत. त्याच मूर्धन्य स्थानातून येणारा ळ ‘बाळ’, ‘कोवळा’, ‘सावळा’, ‘जिव्हाळा’ या शब्दांत आहे. आई मुलाला ज्या शब्दांनी जवळ घेते ते शब्द शास्त्राप्रमाणे कठोर ठरतात. आता येथे कान चुकतो की शास्त्र? दोघेही चुकत नाहीत. वर्णाला स्वतःचा असा स्थिर भाव नसतो. त्या त्या भाषेत तो वर्ण ज्या शब्दांच्या संगतीत वाढला त्या संगतीचा भाव त्याला चिकटतो. संस्कृतात ट-वर्ग तुलनेने विरळ आहे, मराठीत तो घरातला आहे. मराठीच्या वृत्ती मराठी शब्दसंपत्तीवरून पुन्हा ठरवाव्या लागतील, एवढा निष्कर्ष तरी एखाद्या एम. ए.च्या वर्गाने काढायला हरकत नाही.

प्रत्येक वर्गात एक प्रश्न हमखास येतो : ‘कवीने हे मुद्दाम केले असेल का?’ प्रश्न भाबडा दिसतो, परंतु एका श्रेष्ठ भाषाशास्त्रज्ञाची काही वर्षे याच प्रश्नाने घेतली. फेर्दिनां द सोस्यूर १९०६ ते १९०९ या काळात लॅटिन आणि इतर प्राचीन काव्यात वर्णांची गुप्त रचना शोधत होता. देवतेच्या किंवा नायकाच्या नावातील ध्वनी ओळीओळींतून विखुरलेले असतात, असे त्याला दिसू लागले. त्याने वह्यांमागून वह्या भरल्या. हे कवींनी जाणूनबुजून केले होते की हा भाषेतील योगायोग, हे ठरवता येईना, तेव्हा त्याने लॅटिनमध्ये लिहिणारा समकालीन कवी जोव्हान्नी पास्कोली यालाच पत्राने विचारले. पुढे तो शोध त्याने सोडून दिला. त्या वह्यांवर आधारलेला झां स्तारोबिन्स्कीचा ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. हेतूच्या मागे लागले तर अनुप्रासाचा अभ्यास कोठे अडतो, याचे हे मोठे उदाहरण आहे.

रोमान याकबसनने प्रश्नाची दिशा बदलली. १९५८ च्या परिषदेतील आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने असे मांडले की, निवडीच्या अक्षावर असणारे समतुल्यतेचे तत्त्व काव्यात संयोगाच्या अक्षावर येते. आयसेनहॉवर यांच्या निवडणूक-प्रचारातील तीन शब्दांची घोषणा त्याने उदाहरणादाखल घेतली. घोषणा तयार करणाऱ्याच्या मनात काय होते याची चौकशी त्याने केली नाही. त्या तीन शब्दांतील ध्वनी एकमेकांत कसे सामावतात आणि त्यामुळे घोषणा कशी परिणामकारक होते, एवढेच दाखवले. मराठीत मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांच्या आधारे लयतत्त्वाची मांडणी केली होती, तिची येथे आठवण व्हावी. अनुप्रास हा वर्णांचा संवाद आहे. परंतु संवाद हे लयीचे एकच अंग. ज्या वर्णाची आवृत्ती चालली आहे तिला छेद देणारा वर्ण कोठे येतो, हे पाहिल्याशिवाय ओळीची लय पुरती कळत नाही. अनुप्रास शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तो जेथे थांबतो ती जागाही दाखवता आली पाहिजे.

येथवर ओळखण्याचा भाग झाला. वापरण्याचा भाग याहून अवघड आहे, कारण तेथे परंपराच दुभंगलेली आहे. वामन पंडिताला ‘यमक्या वामन’ हे नाव मिळाले ते कौतुकाने आणि थोड्या थट्टेनेही. मोरोपंतांची आर्या वर्णांच्या कसरतीसाठी वाखाणली गेली आणि त्याच कसरतीसाठी पुढे कृत्रिम ठरली. आधुनिक मराठी समीक्षेने शब्दचमत्कृतीकडे संशयाने पाहिले आणि त्याला कारणेही होती. परिणामी विद्यार्थी कात्रीत सापडतो : परीक्षा अनुप्रासाला गुण देते, समीक्षा त्याला नाक मुरडते. लिहायला सांगितले की तो पहिल्या प्रयत्नात बहुधा असे काही तरी लिहितो : ‘सकाळी सोनेरी सूर्याने सृष्टीला सजवले.’ पाच शब्दांत पाच वेळा स. वर्ग टाळ्या वाजवतो.

या वाक्याला नावे ठेवून काही साधत नाही. त्याची परीक्षा करावी लागते. परीक्षेचे साधन शास्त्रातच आहे. अलंकार शब्दाचा की अर्थाचा, हे ठरवण्यासाठी मम्मट परिवृत्तीची कसोटी लावतो : शब्द काढून त्याच्या जागी समानार्थी शब्द ठेवला असता अलंकार टिकला तर तो अर्थाचा, नाहीसा झाला तर शब्दाचा. ‘सृष्टीला’ऐवजी ‘रानाला’ म्हटले की एक स गेला. अनुप्रास शब्दालंकार आहे हे सिद्ध झाले आणि शास्त्राचे काम संपले. अध्यापनासाठी मात्र याच कसोटीवर दुसरा प्रश्न विचारावा लागतो : शब्द बदलल्यावर नादाबरोबर आणखी काय गेले? ‘सृष्टी’ जाऊन ‘रान’ आले तर उलट काही मिळाले. निदान डोळ्यांसमोर एक जागा आली. ‘सोनेरी’ काढून टाकले तर काहीच गेले नाही. याचा अर्थ हे शब्द फक्त स साठी आले होते. जेथे नाद गेल्यावर नादाखेरीज काही हरवत नाही तेथे अनुप्रास शब्दांना पोसत नाही, खातो.

लेखनाच्या अशाच एका तासाला विषय होता उन्हाळ्यातील पाण्याचा टँकर. एका विद्यार्थिनीने लिहिले : ‘टँकर आल्याची हाक उठली आणि घागरी गडगडत गल्लीच्या तोंडाशी गेल्या.’ वाक्य चांगले होते. घ आणि ग हे एकाच कंठस्थानातील वर्ण असल्यामुळे येथे नुसती वर्णाची आवृत्ती नव्हती. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त ज्याला श्रुत्यनुप्रास म्हटले, तो एकाच उच्चारस्थानातील वर्णांचा मेळ होता. दण्डीने असा सूक्ष्म मेळ वैदर्भांना प्रिय असल्याचे आणि उघड आवृत्ती गौडांना आवडत असल्याचे सांगितले आहे. परिवृत्तीची कसोटी लावली. ‘गल्ली’ऐवजी ‘बोळ’ म्हटले तर जागा बदलत होती. ‘गडगडत’ तर ध्वन्यनुकारीच. तो काढला तर दृश्यच नाहीसे होत होते. राहिली ‘घागर’. वर्गातून विचारणा झाली : तुझ्या गल्लीत घागरी आहेत का?

नव्हत्या. प्लॅस्टिकचे निळे ड्रम होते. घागर पुस्तकांतून आली होती, आणि गडगडण्यासाठी तिची सोय झाली होती. नादाने लेखिकेला खोटे बोलायला लावले होते आणि हे खोटे इतके सवयीचे होते की तिला ते जाणवलेही नव्हते. मराठी ललित लेखनातील कितीतरी घागरी, मोटा आणि जाती अशाच वर्णांच्या आणि संकेतांच्या भरवशावर प्रत्यक्षातून गेल्यानंतरही लेखनात टिकून आहेत. आता विद्यार्थिनीपुढे प्रश्न होता तो असा : खरे लिहावे तर नाद जातो, नाद ठेवावा तर खरे जाते. ‘ड्रम’ हा परका, ओबडधोबड शब्द. त्याच्याशी कशाचा मेळ बसणार?

पुढच्या आठवड्यात तिने वाक्य बदलून आणले : ‘टँकर आल्याची हाक उठली आणि ड्रम धडधडत दाराबाहेर पडले.’ ड्र, ध, ड, ध, ड, द, ड. मेळ बसला होता आणि तो पहिल्याहून पक्का होता, कारण रिकामा ड्रम उंबरठ्यावरून ओढताना खरोखर धडधडतो. घागरीच्या वाक्यात पाण्याविषयीची जुनी हळवी कल्पना होती. ड्रमच्या वाक्यात घाई आणि थोडी दांडगाई आली. पाण्याच्या टंचाईविषयी दुसऱ्या वाक्याला जे ठाऊक होते ते पहिल्याला ठाऊक नव्हते.

नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त शृंगाराच्या संदर्भात बजावले होते की, प्रयत्नपूर्वक एकाच रूपाने चालवलेला अनुप्रास रसाचा प्रकाशक होत नाही. रसाच्या ओघात, वेगळा यत्न न करता जो सिद्ध होतो तोच अलंकार त्याने मान्य केला आणि त्यासाठी ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’ असा शब्द योजला. विद्यार्थी हा शब्द पाठ करतात आणि त्याचा अर्थ ‘आपोआप सुचलेला’ असा घेतात. ड्रमचे वाक्य आपोआप सुचलेले नव्हते. त्यासाठी एक आठवडा लागला. परंतु तो आठवडा ड शोधण्यात गेला नव्हता. दारात उभ्या असलेल्या वस्तूकडे पाहण्यात गेला होता. यत्न नादासाठी वेगळा नव्हता, एवढाच ‘अपृथक्’चा अर्थ. तसे पाहता अनुप्रास वापरायला शिकवता येत नाही. वस्तूचे नेमके नाव शोधायला शिकवता येते, आणि ते नाव सापडले की त्याच्या आसपासचे शब्द कानाने निवडायला शिकवता येते. दुसरी गोष्ट पहिलीच्या आधी शिकवली तर सोनेरी सूर्य सृष्टीला सजवीत राहतो.

अखेरचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि तो वर्गात सुटत नाही. अनुप्रास कानाने ओळखायचा म्हटले तर तो कान कोणाचा? वऱ्हाडीत, आणि खानदेशातील अहिराणीतही, ळ च्या जागी अनेकदा य येतो. डोळे ‘डोये’ होतात, आभाळ ‘आभाय’ होते. ‘आभाळाकडे डोळे लावून बाप वाळत गेला’ हे वाक्य प्रमाण उच्चारात तीन ळ वर तोलले आहे. ‘आभायाकडे डोये लावून बाप वायत गेला’ असे म्हटले की तोच तोल य वर येतो. अनुप्रास दोन्हींकडे आहे, पण भाव एक नाही. ळ ला जीभ मागे वळवून टेकावी लागते, तेथे वाक्य क्षणभर अडते. य वरून ते घसरत जाते. पहिला बाप वाळून कडक होतो, दुसरा विरत जातो.

बुलढाण्याकडच्या एका विद्यार्थ्याने परीक्षेत स्वरचित उदाहरण म्हणून लिहिले : ‘मायावरून माय हाक मारे.’ अलंकार : यमक. तपासणाऱ्याने ‘मायावरून’खाली लाल रेघ ओढली, ‘माळावरून’ असे दुरुस्त केले आणि पुढे लिहिले : ‘यमक नव्हे, अनुप्रास (म).’ चारपैकी एक गुण मिळाला. प्रमाण लेखनाच्या दृष्टीने तपासणाऱ्याचे म्हणणे बरोबर होते. ‘माळ’ आणि ‘माय’ यांत सारखा वर्ण म एवढाच. परंतु विद्यार्थ्याच्या बोलीत माळ आणि माय यांचा उच्चार एक झाला होता आणि अर्थ दोन राहिले होते. वर्णसमूह तोच आणि अर्थ भिन्न, ही शास्त्राने सांगितलेली यमकाची व्याख्या त्याने अचूक पाळली होती. शिवाय ‘मायावरून’ या रूपात माया हा तिसरा शब्दही कानाला भेटत होता. जमीन, आई आणि माया एका ध्वनीत आणणारे ते चार शब्द दुरुस्त झाल्यावर तिथे उरला फक्त म.

दण्डीच्या वैदर्भांचा आजच्या विदर्भाशी थेट संबंध जोडणे भाबडेपणाचे होईल. तरीही काव्यातील नादाची आवड प्रदेशाप्रदेशांत वेगळी असते, हे त्याने सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास नोंदवले आणि दोन्ही आवडींना आपल्या ग्रंथात जागा दिली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. आजच्या गुणपत्रिकेत तेवढी जागा नाही. उत्तर तपासणारा कागदावरची अक्षरे पाहतो; लिहिणाऱ्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचण्याची सोय पद्धतीत नाही. प्रमाण लेखनाचा आग्रह सोडून द्यावा असे यातून निघत नाही, कारण तो विद्यार्थी निबंध लिहील तो प्रमाण मराठीतच लिहील, आणि ते त्याला आले पाहिजे. परंतु ज्या प्रश्नाचा विषयच नाद आहे तेथे तरी लाल रेघ ओढण्यापूर्वी ते वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहता येते. त्याला अर्धे मिनिट लागते.

तो विद्यार्थी पुनर्मूल्यांकनासाठी गेला नाही. पुढच्या सत्रात त्याने अलंकारांचा प्रश्न पर्यायात टाकला आणि कादंबरीचा इतिहास लिहिला.